बर्लिनला आलात तर राव्हेन्सब्रुकलाही जा

बर्लिनला येणारे आपले पाहुणे ब्रांडेनबुर्ग गेट आणि भिंतीचे अवशेष पाहून झाले की हमखास विचारतात, "हिटलरचं काय काय आहे गं इथे?" ज्या बंकरमध्ये तो मेला, तिथे आज गाड्या लावायची जागा आहे आणि बाजूला एक माहितीफलक. कुणी तिथे फुलं वाहायला येऊ नये म्हणून ती जागा मुद्दामच साधी ठेवली आहे. मीही तिकडे कुणाला नेत नाही. ज्यांना तो काळ खरोखर समजून घ्यायचा आहे त्यांना मी राव्हेन्सब्रुकच्या जुन्या छळछावणीत घेऊन जाते. तिथे मारणाऱ्यांपेक्षा मारल्या गेलेल्यांची ओळख जास्त होते, आणि आपल्याकडे नेमकी तीच ओळख कमी आहे असं मला गेली काही वर्षं फार तीव्रतेने वाटतं.

ऑशविट्झ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्युनिकला जाणारे डाखाऊ पाहून येतात, बर्लिनला येणारे बहुतेक जण जवळचं म्हणून झाक्सनहाउझन. राव्हेन्सब्रुकचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. नाझींनी खास स्त्रियांसाठी उभारलेली ही जर्मनीतली सर्वांत मोठी छळछावणी. मे 1939 मध्ये ती सुरू झाली आणि पुढच्या सहा वर्षांत 30 हून अधिक देशांतल्या सुमारे 1,20,000 स्त्रिया आणि मुलांची तिथे नोंद झाली. त्यात ज्यू होत्या, सिंती आणि रोमा या भटक्या मानल्या जाणाऱ्या समाजांतल्या होत्या, कम्युनिस्ट होत्या, यहोवा विटनेस पंथाच्या होत्या, पोलंड-फ्रान्समधल्या प्रतिकार चळवळीतल्या होत्या, आणि कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या, 'समाजविघातक' असा शिक्का मारून उचललेल्या गरीब बायकाही होत्या. प्रत्येक गटाच्या कपड्यांवर वेगळ्या रंगाचा त्रिकोण शिवलेला असे.

बर्लिनहून रिजनल ट्रेनने फ्युर्स्टेनबेर्गला पोचायला तासभर लागतो. गाव लहान, तळ्यांनी वेढलेलं, उन्हाळ्यात होड्या आणि सायकली घेऊन लोक येतात असं. स्टेशनपासून छावणीपर्यंत चालतच जावं. कैदी स्त्रियांना याच स्टेशनवर उतरवून गावाच्या बाजूने हाकत नेत. वाटेत घरं लागतात, बागा लागतात. पुढे तळं दिसतं आणि पलीकडच्या काठावर गावातल्या चर्चचा मनोरा. म्हणजे इथून गाव दिसायचं आणि गावातून इथला धूर. 1943 पर्यंत तर छावणीला स्वतःची भट्टीच नव्हती. मेलेल्या कैद्यांची प्रेतं गावातल्या दाहगृहात नेली जात. 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' हे वाक्य युद्धानंतर जर्मनीत फार ऐकू आलं. ही वाट चालून आल्यावर ते पटणं कठीण जातं.

आत गेल्यावर पहिल्यांदा येणारे थोडे गोंधळतात. डोळ्यांसमोर सिनेमातल्या लाकडी बराकी असतात आणि इथे समोर नुसतं मोकळं, काळपट खडीचं मैदान. युद्धानंतर अनेक दशकं, अगदी 1990 च्या दशकापर्यंत, हा परिसर सोव्हिएत आणि मग रशियन सैन्याच्या ताब्यात होता. कैद्यांच्या बराकी राहिल्या नाहीत. त्या कुठे होत्या हे जमिनीतल्या उथळ खोलगटांवरून कळतं. 1959 मध्ये पूर्व जर्मनीने स्मारक बांधलं ते तळ्याच्या काठी, छावणीची भिंत आणि दाहगृह यांच्या लगत. तिथे भिंतीवर देशांची नावं कोरली आहेत आणि भिंतीच्या पायथ्याशी, सामूहिक दफनावर, गुलाब लावले आहेत. भट्टीतली राख या तळ्यात टाकत. दरवर्षी एप्रिलमधल्या मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाला लोक पाण्यात गुलाब सोडतात.

मी मात्र सगळ्यांना आधी महिला पहारेकऱ्यांच्या घरांकडे नेते. छावणीच्या दारासमोरच, पाइनच्या झाडीत, उतरत्या छपरांची, छानशा खिडक्यांची ही घरं ओळीने उभी आहेत. राव्हेन्सब्रुक हे महिला पहारेकऱ्यांचं प्रशिक्षण केंद्रही होतं. 3,000 हून अधिक बायकांनी इथे हे काम केलं. त्या कुठून आल्या? वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून, कामगार कार्यालयामार्फत. कारखान्यात राबणाऱ्या, घरकाम करणाऱ्या तरुण मुली. इथे पगार बरा, गणवेश मिळे, राहायला नवी कोरी खोली. त्यातलं एक घर आता या पहारेकरी बायकांवरचं प्रदर्शन आहे. काही घरांमध्ये युवक वसतिगृह चालतं. शाळा-कॉलेजची मुलं तिथे मुक्काम करून दिवसभर छावणीचा अभ्यास करतात. असल्या घरात झोपायचं हे सुरुवातीला मला विचित्र वाटायचं. आता वाटतं, त्या भिंतींचा याहून चांगला उपयोग झाला नसता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना खिडकीतून छावणीचं दार दिसतं आणि कळतं, की इथे राहून रोज सकाळी त्या दारातून कामावर जाणारी मुलगी जेमतेम आपल्याहून थोडीच मोठी होती.

छावणीच्या शेजारी सीमेन्सने 1942 मध्ये कार्यशाळा उभारल्या आणि त्यांत कैदी स्त्रियांकडून विद्युत उपकरणांचे भाग बनवून घेतले. दुसरीकडे शिवणकामाच्या बराकींत एसएसचे, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे, गणवेश शिवले जात. उपासमार, टायफस, मारहाण, आणि 1945 च्या सुरुवातीला उभी केलेली विषारी वायूची खोली. हे सगळं प्रदर्शनात कागदपत्रांसह आहे, सावकाश वाचता येतं. माझी आत्या आली तेव्हा ती एका छोट्या काचपेटीपाशी कितीतरी वेळ उभी होती. ती शाळेत इतिहास शिकवायची, तारखा तिला माझ्याहून जास्त पाठ. पण ती थांबली होती टूथब्रशच्या दांड्यातून कोरलेल्या इवल्याशा वस्तूंपाशी. कैदी बायका अशा वस्तू लपूनछपून बनवायच्या आणि एकमेकींना वाढदिवसाला द्यायच्या. पकडलं तर शिक्षा. शिवाय त्या स्वयंपाकाच्या कृती लिहायच्या. पोटात अन्न नाही, हाताशी कागदाचे चिटोरे, आणि त्यावर केकसाठी अंडी किती, लोणी किती, कुणाची आई सार कसं करायची. आत्या एवढंच म्हणाली, "अगं, या तर आपल्यासारख्याच घरातल्या बायका." हे वाक्य ऐकायलाच मी माणसांना इतक्या लांब आणते.

पोलिश मुलींची हकीकत सांगितल्याशिवाय राव्हेन्सब्रुक सांगता येत नाही. 1942 पासून इथे 74 पोलिश स्त्रियांच्या पायांवर शस्त्रक्रियेचे 'प्रयोग' झाले. पाय चिरून जखमेत जंतू, लाकडाचे तुकडे, काचा घालायच्या आणि मग सल्फा औषधाचा उपयोग होतो का हे बघायचं. त्यातल्या बऱ्याच जणी विद्यार्थिनी होत्या. काही जणी त्यातच गेल्या, काहींना नंतर गोळ्या घातल्या. वाचलेल्या लंगडत चालायच्या. छावणीत त्यांना 'ससे' म्हणत आणि त्या स्वतःलाही तेच म्हणायच्या. पण त्यांनी काय केलं बघा. घरी पाठवायच्या परवानगीच्या पत्रात, दिसणाऱ्या ओळींच्या मधल्या जागेत, स्वतःच्या लघवीने अदृश्य मजकूर लिहिला. घरच्यांनी कागदावर इस्त्री फिरवली की अक्षरं उमटायची. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांची नावं अशी छावणीबाहेर पोचली. 1945 च्या फेब्रुवारीत पुरावा नष्ट करण्यासाठी या सगळ्यांना मारायचं ठरलं, तेव्हा इतर कैदी स्त्रियांनी त्यांना बराकींमधून लपवलं, दुसऱ्यांचे नंबर दिले. पुढे न्युरेम्बर्गला डॉक्टरांवर खटला चालला. त्यात व्वादिस्वावा कारोलेव्स्का, यादविगा जिदो यांच्यासह चार जणींनी साक्ष दिली, न्यायालयाला आपले पाय दाखवले. ज्याच्या देखरेखीखाली हे झालं त्या एसएसच्या डॉक्टरला, कार्ल गेबहार्टला, 1948 मध्ये फाशी झाली.

पोलिश म्हटलं की कोल्हापूरकडच्या वाचकांना वळिवडे आठवेल. त्याच वर्षांत, 1943 ते 1948, तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुलं. त्यांना घरातून उखडलं होतं स्टालिनने, हिटलरने नव्हे. ते सैबेरिया आणि मध्य आशियातून आपल्याकडे आले. दोन्हींची गल्लत करू नये. पण एकाच देशाच्या लेकी काही पंचगंगेच्या खोऱ्यात सुखरूप होत्या आणि काही या तळ्याकाठी, हे माझ्या मनातून जात नाही.

ज्यू स्त्रियांची कथा इथे तुकड्यातुकड्यांत आहे. 1942 च्या वसंतात अनेकींना बेर्नबुर्ग इथे नेऊन विषारी वायूने मारलं. ओल्गा बेनारियो ही जर्मन कम्युनिस्ट कार्यकर्ती त्यांतली एक. जर्मनीतल्या छावण्यांमध्ये ज्यू उरता कामा नयेत असा एसएसचा प्रमुख हिमलर याचा हुकूम त्याच वर्षीच्या शरद ऋतूत निघाला आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्यांना ऑशविट्झला पाठवलं. मग 1944 मध्ये उलटा प्रवाह सुरू झाला. हंगेरीतल्या ज्यू स्त्रिया, ऑशविट्झहून हलवलेल्या स्त्रिया, नाझींविरुद्धच्या बंडानंतर वॉर्सातून आणलेल्या स्त्रिया. जागा संपली म्हणून दलदलीवर एक प्रचंड तंबू ठोकला आणि थंडीत त्यांना त्यात कोंबलं. एप्रिल 1945 मध्ये स्वीडिश रेड क्रॉसच्या पांढऱ्या बसगाड्यांनी हजारो जणींना बाहेर काढलं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस एसएसने उरलेल्या 20,000 हून अधिक कैद्यांना पायी पश्चिमेकडे हाकललं. 30 एप्रिलला सोव्हिएत सैन्य पोचलं तेव्हा छावणीत फक्त सुमारे 2,000 आजारी माणसं राहिली होती.

राव्हेन्सब्रुकहून परतल्यावर बर्लिन वेगळं दिसू लागतं. पदपथावर 10 सेंटिमीटरचे चौकोनी पितळी दगड बसवलेले असतात, त्यांच्याकडे आता लक्ष जातं. 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने 1990 च्या दशकात हे काम सुरू केलं. आज युरोपभर एक लाखाहून अधिक दगड आहेत. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते बसवू दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचं म्हणणं, की या माणसांची नावं पुन्हा पायाखाली तुडवली जातील. नाव काय, कागद काय, पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण. मला त्यांचं म्हणणं पटकन कळतं. तरी मी बर्लिनच्या बाजूने आहे. 9 नोव्हेंबरला, 1938 च्या पोग्रोमच्या, म्हणजे ज्यूंवरच्या देशभरातल्या हल्ल्यांच्या, स्मृतिदिनी, आमच्या गल्लीतले लोक गुडघ्यांवर बसून हे दगड घासतात, शेजारी मेणबत्ती ठेवतात. देवघरातली पितळी उपकरणी घासावीत तसं ते मन लावून चालतं. मीही जाते. घासताना नाव आपोआप दहादा वाचून होतं.

ग्रुनेवाल्ड स्टेशनचा फलाट क्रमांक 17 जरूर पाहा, एस-बानने, म्हणजे शहरातल्या लोकलने, सहज जाता येतं. इथून बर्लिनच्या ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवलं. फलाटाच्या कडेने 186 लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. लोड्झ, रिगा, टेरेझिएनश्टाट, ऑशविट्झ. आधी हजार-हजारांचे आकडे, 1945 उजाडता ते लहान होत जातात. हरणार हे दिसत असतानाही, लढाईला डबे कमी पडत असतानाही, अठरा-वीस माणसांसाठी गाडी काढायचं थांबलं नाही. त्या पट्ट्या क्रमाने वाचत गेलं की हा द्वेष किती काटेकोर होता ते समजतं.

आता थोडं आपल्याबद्दल. पुण्या-मुंबईच्या पदपथांवर हिटलरचं आत्मचरित्र आजही ढिगाने मिळतं, चांगल्या घरांतली मुलं 'नेतृत्वगुणांसाठी' ते वाचतात. याचा मला मनापासून त्रास होतो. सुटीवर आले की मी हे बोलते आणि नातेवाईक म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस. हो, लावून घेते. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यातली ॲन फ्रँक सोडून दुसरी एकही व्यक्ती आपल्याला नावाने माहीत नसते, आणि मारणाऱ्याच्या मिशीपासून कुत्र्यापर्यंत सगळं माहीत असतं. हे प्रमाण उलटं व्हायला हवं.

प्रत्यक्ष येणार असाल तर राव्हेन्सब्रुकला प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी प्रदर्शनं बंद असतात. अर्धा दिवस पुरत नाही, आणि तिथे काही खायला मिळेल असं धरून चालू नका. लहान मुलांना आणू नये असं माझं मत. ऑशविट्झचं संग्रहालयही 14 वर्षांखालच्या मुलांना न आणण्याचा सल्ला देतं.

येणं शक्य नसेल तर घरबसल्या करण्यासारखं एक काम आहे. जर्मनीतल्या बाड आरोल्झन या गावी नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांचा जगातला सर्वांत मोठा दस्तऐवजसंग्रह आहे, सुमारे 1 कोटी 75 लाख माणसांच्या नोंदींचा. तिथले लाखो कागद अजून नावाने शोधता येत नाहीत, कारण ते हाताने टंकावे लागतात. 'एव्हरी नेम काउंट्स' या त्यांच्या उपक्रमात कुणीही इंटरनेटवरून भाग घेऊ शकतं, सूचना इंग्रजीतही आहेत. समोर छावणीतलं एक जुनं कार्ड येतं. त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून भरायचा. एकच कार्ड अनेक जण स्वतंत्रपणे भरतात आणि नोंदी जुळल्या की ते नाव संग्रहात शोधता येऊ लागतं. आत्याने साताऱ्यात बसून हे काम सुरू केलं आहे. जुनं वळणदार जर्मन अक्षर लागलं नाही की ती मला फोटो पाठवते आणि आम्ही दोघी मिळून ते नाव लावतो.