दोरीचं लांबचं टोक

आपल्या शाळेच्या ग्राउंडची आखणी असली की आम्हा पोरांची झुंबड उडायची ती रेघा मारायच्या फक्कीच्या डब्यासाठी. आखणीच्या दोरीचं दुसरं टोक ओढ्याकडच्या बाभळींत जायचं. तिकडे जायला कुणी तयार नसे. मग हेडसर पँट दुमडून ते टोक घेऊन काट्यांत उकिडवे बसायचे आणि तिथून ओरडून विचारायचे, "ताण आहे का रे?" आम्ही सातवी-आठवीतली पोरं इकडून बिनदिक्कत सांगायचो, "अजून ओढा, सर!" आणि सर ओढायचे.

मी १९८६ च्या दहावीच्या बॅचचा. गेली बावीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या मुलामुलींना सर्व्हेइंग, म्हणजे जमिनीची मोजणी, शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्हा प्राध्यापकांच्या एका प्रशिक्षणात 'सर्व्हंट लीडरशिप' हा विषय होता. रॉबर्ट ग्रीनलीफ हे अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत उभी नोकरी केलेले गृहस्थ. नेता हा आधी सेवक असतो, असं त्यांनी १९७० मध्ये एका निबंधात मांडलं. त्यांची कसोटी मला फार पटली: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक स्वतंत्र झाली का? ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बाभळींतले हेडसर होते. आणि शाळेच्या ऑफिसातल्या फोटोतले कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटीलही. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात ठेवणारे अण्णा, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

वर्गात हा विषय काढला तेव्हा एकाने विचारलं, "सर, सेवक म्हणजे शिपाई ना?" त्याचं काही चुकलं नव्हतं. आपण तो शब्द त्याच अर्थाने वापरून ठेवलाय. तेव्हाच ठरवलं, हे फळ्यावर शिकवायचं नाही, फील्डवर शिकवायचं.

लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायच्या, प्रॅक्टिकलला गटातला हुशार मुलगा दुर्बिणीच्या यंत्रापाशी उभा राहतो आणि चार मीटरचा स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, उन्हात धरायला गटातल्या सगळ्यात गरीब पोराला पाठवतात. खरं तर सगळं काम त्या स्टाफवर असतं. तो जरा कलला की रीडिंग वाढतं. म्हणून स्टाफ हळूहळू मागेपुढे डोलवायचा आणि यंत्रावाल्याने सगळ्यात कमी येणारं रीडिंग घ्यायचं. आता माझ्याकडे नियम आहे, स्टाफ गटप्रमुखाने धरायचा. तोंडीपरीक्षेत मी गटप्रमुखाला काहीच विचारत नाही. गटात जो सर्वांत मागे असेल त्याला यंत्र लावायला सांगतो आणि त्याला जमलं तर गुण प्रमुखाला देतो.

पहिल्या वर्षी तक्रारी झाल्या. पालकही आले. मी नियम बदलला नाही.

त्याच वर्षीची एक मुलगी आठवते. आश्रमशाळेतून आलेली, इंग्रजीच्या धास्तीने वर्गात तोंड उघडत नसे. परीक्षेच्या दिवशी तिने ट्रायपॉड रोवला, यंत्र समतल करायचे फूट स्क्रू फिरवत त्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आणला आणि डोळा लावून दूर उभ्या असलेल्या प्रमुखाला खणखणीत आवाजात म्हणाली, "स्टाफ सरळ धर, मागे गेलाय!" त्याने निमूटपणे सरळ केला. मागचे पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी तिला यंत्र लावायला शिकवत होता, हे मला नंतर लॅब असिस्टंटकडून कळलं. माझ्या नोकरीतला तो सर्वांत समाधानाचा दिवस.

हेडसर आज नाहीत. ही गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली, याची रुखरुख आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या क्रीडास्पर्धा आपल्याच ग्राउंडवर आहेत, असं पत्रिकेत वाचलं. आखणी कोणत्या दिवशी आहे ते कळवा, मी आदल्या रात्रीच्या एसटीने येतो. ओढ्याकडचं टोक मी धरेन.