50 बार शिल्लक ठेवून करायचंय काय?

नमनाला घडाभर तेल नको. स्कूबा डायव्हिंगला गेलं की, किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यातल्या रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजावर, "50 बार उरले की वर या" हा जो टाकीतल्या हवेच्या दाबाचा नियम बोटीवर ऐकवतात ना, तो मला आता अजिबात पटत नाही. आणि हे शहाणपण मला कोर्समध्ये नाही आलं, चांगलं शंभरच्या वर डाइव्ह झाल्यावर आलं, म्हणजे स्वतःला एक्स्पिरियन्स्ड वगैरे समजायला लागल्यावर.

जागा होती थिसलगॉर्म. तांबड्या समुद्रातलं ब्रिटिश मालवाहू जहाज, 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून बुडवलेलं. आत अजून ट्रक आहेत, बीएसए मोटरसायकली आहेत, रबरी बुटांचे ढीग आहेत. हौशी लोकांनी आठवण म्हणून कितीतरी सुटे भाग काढून नेलेत, त्याचा संताप येतो पण तो विषय वेगळा. बोटीवरून खाली उतरायची आमची दोरी जहाजाच्या पुढच्या बाजूला बांधलेली आणि मला बघायची होती मागची तोफ. जाताना करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, पाठीमागून, नुसतं तरंगत गेलो, एक किक मारावी लागली नाही, मजा आली. फुकटची सवारी मिळतेय तर परतीचं तिकीट कोण काढणार याचा विचारच डोक्यात नाही!

तोफेपाशी खोली 30 मीटर, टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजवर 110 बार. वळलो. जहाजाच्या आडोशाने तळाला चिकटून आलं तर करंट कमी लागतो, तेवढं माहिती होतं, तसंच येत होतो. पण जिथे बॉम्ब पडला तिथे जहाज पार फाटलंय, मागचा तुकडा वेगळाच पडलाय, आणि त्या मधल्या मोकळ्या जागेत आडोसा शून्य. तिथे पाणी असं अंगावर आलं की मास्क हाताने धरावा लागला. पत्र्याची एक कड पकडून लोंबकळत होतो, फिन्स मागे झेंड्यासारख्या फडफडतायत, श्वास धापांवर गेलेला आणि गेज 80. बडीने, म्हणजे सोबतच्या जोडीदाराने, माझ्याकडे बघून अंगठा वर केला. म्हणजे डाइव्ह संपला, चर्चा नाही. मी अजून दोरीकडेच बघत होतो, खरं सांगतो.

हात सोडले, निळ्यात वाहत निघालो आणि एसएमबी (बोटीला आपली जागा दिसावी म्हणून वर सोडायचा फुगा) सोडायला घेतली तर तिच्या रीलचा दोरा स्वतःच्याच क्लिपमध्ये अडकला. फुगा मला वर खेचायला लागला तशी अख्खी रील सोडून दिली. बडीने दुसरी सोडली. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबलो तेव्हा माझ्याकडे 30 बार होते. वर आलो तर लाटांच्या मध्ये बोट दिसेना, म्हणजे बोटीलाही आमची डोकी दिसत नसणार, तो केशरी फुगा होता म्हणून सापडलो.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. 30 मीटरवर दाब 4 बार, म्हणजे वरच्यापेक्षा चौपट हवा जाते. एकाची हवा संपली आणि दोघं एका टाकीवर आले, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला 30 लिटर धरा. एक मिनिट गोंधळ निस्तरायला, 240 लिटर. मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला साधारण साडेतीन मिनिटं, सव्वापाचशे. 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, 270. झाले हजाराच्या वर. 12 लिटरच्या टाकीत याचे होतात 85-90 बार! आणि हे फक्त वर येण्यापुरतं, दोरीपर्यंत पोहत जाण्याचं यात काहीच धरलेलं नाही. मग 50 बार कुणासाठी? बोटीवर चढल्यावर गेज दाखवायला?

(नायट्रॉक्सने, म्हणजे टाकीत जास्त ऑक्सिजनची हवा भरून, हे सुटतं असं एकाने ऐकवलं मला. अरे बाबा, 32 टक्के ऑक्सिजनने नो-डेको वेळ (वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येतं तेवढा वेळ) वाढतो, टाकीतली हवा वाढत नाही. उलट वेळ जास्त मिळाला की माणूस हवा संपेपर्यंत खालीच रेंगाळतो.)

रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, हिशोब थोडा सैल चालतो, कारण तिथे बऱ्याचदा ड्रिफ्टच करायचा असतो, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं, बोट मागून येते, दोरीकडे परतायचंच नसतं. फक्त भिंतीच्या कोपऱ्यावर पाणी खाली खेचत असेल तर भिंतीला समांतर किंवा सरळ मोकळ्या पाण्यात निघा, बुडबुडे खाली जाताना दिसले की समजायचं. रेकवर मात्र दोरी हेच घर.

आता मी आधी करंटच्या विरुद्ध जातो, आणि मनगटावरच्या स्लेटवर एकच आकडा लिहितो: दोरीच्या पायथ्याशी परत येताना 90 बार. मागच्या वेळी त्याच रेकवर गेलो तर करंट बघून मोटरसायकलींपासूनच परत फिरलो, ग्रुपमधले दोघं-तिघं वैतागले. वैतागू देत. रील तेवढी नवीन घेतलीये, उतरायच्या आधी डेकवर दोनदा सोडून गुंडाळून बघतो, लोक हसतात.