ड्रिलच्या तासाचे हवालदार

आमच्या व्यायाम शिक्षकांना गावात कुणी 'सर' म्हणत नसे. ते हवालदारच. साठच्या दशकात आम्ही शाळेत होतो, तेव्हा ड्रिलच्या तासाला ते एक विचित्र खेळ लावत. चपला काढून कमरेला खोचायच्या आणि मैदानातल्या खडीवरून आवाज न करता पलीकडे जायचं. आधी चवडा, अंदाज घेऊन मग टाच. खडा वाजला की गडी बाद. इन्स्पेक्शनला हे कधीच दाखवलं नाही, तिथे आपले सूर्यनमस्कार.

खेळ कुठून आला ते मॅट्रिकनंतर त्यांच्याच ओसरीवर कळलं. बेळगावला भरती होऊन ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून आफ्रिकेत गेले. १९४१ साली इरिट्रियात केरनच्या लढाईत इटालियन फौज डोंगरमाथ्यावर आणि आपली माणसं उघड्या चढणीवर. तिथे गुडघा गेला, पेन्शन लागली. घरी दोन मुली, तान्हा मुलगा. माणसाने आता शेत बघावं की नाही?

पण १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे सातारा भागातलं इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार, भरात होतं आणि कुंडलला त्याचं लढाऊ दल, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, उभी राहत होती. कुंडल औंध संस्थानात, त्यामुळे इंग्रजी पोलिसांना तिथे थेट हात घालणं अवघड. पोरं उत्साही, पण कवायत शिकवणार कोण? हवालदार लंगडत रात्री डोंगरात जाऊ लागले.

"पोरं बंदुका मागायची," ते सांगत. "म्या म्हटलं, बंदूक हाय कुठं? काठी घ्या. आन् आधी मागं कसं सरायचं ते शिका. पळणं निराळं, मागं सरणं निराळं."

आज प्रतिसरकार म्हटलं की लोकांना फक्त गुन्हेगारांच्या तळपायांना पत्र्या ठोकल्याच्या गोष्टी आठवतात. शेणोलीला रेल्वेगाडी लुटून माणसं पांगतात कशी, याच्या मागची ही शिस्त कुणी सांगत नाही.

सरकारचं मीठ खाऊन हे कसं, असं मी धिटाईने विचारलं होतं. "पगार आमच्याच शेतसाऱ्यातनं निघायचा की रं!"

खरी कसरत काकूंची. बातमी फुटली असती तर पेन्शन बंद आणि नवरा तुरुंगात. मनिऑर्डर आली की पोस्टमनला ओसरीवर गूळपाणी. तो वळला की माळ्यावर लपलेल्या पोरांना भाकरी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्या हसत पण स्पष्ट सांगत.

१९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन निघाली, तेव्हा मी अर्ज आणून दिला. हवालदारांनी तो परत केला. "एक इंग्रजासाठी लढल्याची, एक इंग्रजाविरुद्ध. दोन्ही कोणत्या तोंडानं घिऊ?"

आतून काकूंचा आवाज आला, "माझ्या नावानं भर की रं, मी घेते!"