भगवा गमछा

आज रत्नागिरीहून दादरला येताना समोर एक काका बसले. गळ्यात भगवा गमछा, कपाळाला टिळा. यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं ठरवून मी कानात इअरफोन घातले.

चिपळूणला त्यांनी डबा उघडला आणि दोन घावने माझ्यापुढे धरले. मग बोलणं निघालं. मुलाने दुसऱ्या जातीतली मुलगी केली, भावकीतलं कुणी लग्नाला आलं नाही. काकांनी एकट्याने उभं राहून लग्न लावलं. "पतितपावन मंदिराच्या गावचे आम्ही," म्हणाले. सगळ्या जातींना खुलं असलेलं ते मंदिर १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलं. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, हेही सावरकरांनीच लिहिलं. तरी 'हिंदुत्ववादी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच साचा येतो. 'पुरोगामी' म्हटलं की समोरच्यांचंही तेच होत असणार.

अंदाज बांधावेच लागतात. रात्री उशिरा लोकलमध्ये चढताना मी माणसं बघूनच डबा निवडते, आणि ते सोडणार नाही. काकांचं मत कुठे जातं, हेही मी बरोबर ओळखलं होतं. आरक्षणावरून तर पनवेलपर्यंत आमचं कडाक्याचं वाजलं. पण त्या सुनेबद्दल गमछ्याने मला काहीच सांगितलं नव्हतं.

दादर आलं तेव्हा ते फोनवर तिलाच सांगत होते, "घावने संपले गं सगळे. एक पोरगी भेटली, तिलाही आवडले."