तुम्ही विचारलंत म्हणून: हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

सोलापुरात इंग्रजी शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतेच. मराठीत दोन्ही शब्दांसाठी आपण ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे विचारणाऱ्याचा गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे.

‘हिस्टॉरिकल’ हा शब्द एखाद्या गोष्टीचा इतिहासाशी संबंध आहे एवढेच सांगतो. ‘हिस्टॉरिक’ मात्र तिचे इतिहासातले मोल ठरवतो. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले, इंग्रजांनी येथे मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हे दिवस हिस्टॉरिक आहेत. त्या दिवसांवर आज कुणी नाटक लिहिले, तर ते हिस्टॉरिकल नाटक होईल. मराठी रंगभूमीला त्याने नवे वळण दिले, तरच त्याला हिस्टॉरिक म्हणता येईल.

‘हिस्टॉरिकल’ची आणखी एक छटा आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. दंतकथेपासून वेगळे काढलेले, पुराव्याने सिद्ध होणारे, असाही त्याचा अर्थ होतो. सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांविषयीच्या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु बाराव्या शतकात होऊन गेलेले, कन्नडमध्ये वचने रचणारे सिद्धराम ही हिस्टॉरिकल व्यक्ती आहे, असे म्हणताना त्यांच्या थोरवीला बाध येत नाही.

माझ्या आजोबांचे जुन्या गिरणीतले हजेरीचे कार्ड मी एकदा वर्गात नेले होते. जाड, पिवळट कागद, शाईच्या फिकट खुणा आणि एका कोपऱ्यात तेलाचा डाग. एका विद्यार्थिनीने त्याला ‘हिस्टॉरिक’ म्हटले. ‘हिस्टॉरिकल म्हण,’ असे मी सांगताच तिने विचारले, ‘म्हणजे सर, ते कमी महत्त्वाचं का?’ तसे मुळीच नाही. त्या कार्डाने इतिहास घडवला नाही हे खरे. परंतु गिरणगावातल्या कामगाराचे आयुष्य कसे होते, हे ज्याला लिहायचे आहे, त्याला अशाच कार्डांवर विसंबावे लागेल.

इंग्रजीत पूर्वी हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत असत, त्यामुळे जुन्या पुस्तकात सरमिसळ दिसली तर ती चूक समजू नका. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला मात्र मी निःशंकपणे हिस्टॉरिक म्हणतो, कारण ती वास्तू इतिहासप्रसिद्ध आहे. अडखळलात, तर ‘ऐतिहासिक’च्या जागी ‘इतिहासप्रसिद्ध’ किंवा ‘इतिहास घडवणारा’ बसतो का ते पाहा. बसला तर हिस्टॉरिक. आणि ‘इतिहासविषयक’ किंवा ‘इतिहासकालीन’ बसत असेल, तर हिस्टॉरिकल.