पूर्णगडच्या सड्यावरून ३सी २७३ : या हंगामाची नोंद

व्हर्गो ए या रेडिओस्रोताचे पट्टे, म्हणजे त्याच्या सिग्नलचे आलेखातले ठरावीक चढउतार, आता भरवशाने मिळतायत. ४०८ मेगाहर्ट्झवर, एकाच यागी अँटेनाने (दांड्यावर ओळीने काड्या, जुन्या टीव्ही अँटेनासारखी). ३सी २७३ हा क्वेसार (फार दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) अजून सापडलेला नाही, पण तो नेमका कसा वेगळा काढायचा याची वाट या एप्रिल-मेमध्ये दिसली. म्हणून ही नोंद जरा लांबतेय.

नव्या मंडळींसाठी मांडणी सांगते. पूर्णगडच्या बाजूला आमच्या कलमांच्या वर सडा संपतो तिथे थेट कडा आहे, समुद्रापासून साधारण ६० मीटर उंच, तोंड पश्चिमेला. मावळणाऱ्या स्रोताच्या रेडिओलहरी अँटेनाशी दोन वाटांनी येतात : एक सरळ, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. स्रोत खाली सरकतो तशा त्या कधी एकमेकींना जोर देतात, कधी खोडतात. तरंगलांबी ७३.५ सेंटिमीटर आणि उंची ६० मीटर धरली तर दोन शिखरांमधलं अंतर ०.३५ अंश येतं, म्हणजे पश्चिमेला मावळणाऱ्या स्रोतासाठी दर दीड मिनिटाला एक पट्टा. दुसऱ्या अँटेनाचं काम समुद्रच करतो.

ही युक्ती जुनी आहे. जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली यांनी सिडनीच्या डोव्हर हाइट्स कड्यावरून ती वापरली आणि १९४९ मध्ये व्हर्गो ए म्हणजे एम ८७ दीर्घिका अशी ओळख सुचवली. तो कडा पूर्वेकडे बघणारा, त्यामुळे तिथून स्रोत उगवतानाच दिसत. मावळताना बघायला १९४८ मध्ये बोल्टन आणि स्टॅन्ली न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिहाला गेले. कोकणात तसा कडा दर दोन खाड्यांमागे एक मिळतो. आपल्याकडे हे कुणी फारसं करत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

यागीच्या काड्या आडव्या ठेवा. आडव्या ध्रुवणाच्या (आडव्या पातळीत कंपणाऱ्या) लहरी इतक्या कमी कोनात पाण्यावरून जवळजवळ पूर्ण परततात, उभ्या ध्रुवणाच्या बऱ्याच मार खातात. रिसीव्हरचा ऑटोमॅटिक गेन (आपोआप कमी-जास्त होणारं वर्धन) बंद हवा. एलएनएच्या (कमी गोंगाटाच्या वर्धकाच्या) आधी कॅव्हिटी फिल्टर (हवी तेवढीच वारंवारिता आत सोडणारा) हवाच, कारण मोबाइल टॉवर इथेही आहेत. खाऱ्या हवेसाठी प्रत्येक कनेक्टरवर रबरी टेप.

सिग्नस ए हा दुसरा रेडिओस्रोत डिसेंबरातच मिळाला होता. तो वायव्येला, रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो आणि या वारंवारितेला चार हजार जान्स्कींच्या (रेडिओस्रोताच्या तीव्रतेचं एकक) वर आहे, त्यामुळे पट्टे नुसत्या डोळ्यांनी आलेखात दिसतात. व्हर्गो ए पाचशेच्या वर. त्याला सरासरी काढावी लागते, पण दिसतो. ३सी २७३ साठच्या आसपास. खरी गंमत इथून पुढे.

व्हर्गो ए आणि ३सी २७३ दोन्ही कन्या राशीत, विषुवांशात (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, वेळेत मोजलेलं) दोन मिनिटांचाही फरक नाही, मात्र क्रांतीत (उत्तर-दक्षिण स्थान) दहा अंशांचा आहे. एम ८७ अधिक उत्तरेला असल्याने आपल्या अक्षांशावर तो उशिरा मावळतो. मेच्या मध्यात ३सी २७३ पहाटे साडेतीननंतर थोड्या वेळाने जातो आणि व्हर्गो ए त्याच्यामागून साधारण पंधरा मिनिटांनी. त्या पंधरा मिनिटांत आलेखात एकट्या व्हर्गो ए चे पट्टे असतात. त्यांवरून गणित बसवायचं, ते मागे नेऊन आधीच्या मिश्र भागातून वजा करायचं, उरेल त्यात क्वेसार शोधायचा. दोघांचा मावळण्याचा वेगही अडीच टक्क्यांनी वेगळा आहे, त्यामुळे पट्टे हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

अडचण हवेची. पावसाळ्याआधी अरबी समुद्रावर दमट आणि कोरड्या हवेचे थर बसतात आणि रेडिओलहरी त्यांत अडकून वाकत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झ रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, ते यामुळेच. माझ्याकडे एप्रिलच्या आरंभीचे पट्टे गणिताप्रमाणे पडतात, मेमध्ये शेवटचे दोन-तीन ताणले जातात. अशा पहाटे व्हर्गो ए चा फार उपयोग होतो : तो किती उशिरा गेला यावरून त्या दिवशीच्या हवेची दुरुस्ती कळते, आणि तीच ३सी २७३ ला लावता येते. जून आला की उसळत्या लाटांवरून परावर्तन फुटतं. मार्चअखेरपर्यंत मावळण्याच्या वेळी सूर्य वर आलेला असतो. हाताशी दोनच महिने.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर या स्रोतांच्या ऊर्जेच्या उगमासाठी. तो उगम म्हणजे त्यांच्या मध्यातलं कृष्णविवर. ते स्वतः काही पाठवत नाही. त्यात पडणाऱ्या वायूचा काही भाग दोन झोतांत बाहेर फेकला जातो, आणि झोतातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने चुंबकक्षेत्राभोवती गिरक्या घेत सिंक्रोट्रॉन प्रारण देतात. एम ८७ मधल्या ज्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये आलं ते साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. तरी ४०८ मेगाहर्ट्झवर माझी यागी मुख्यतः ऐकते ते झोतांनी दीर्घिकेभोवती पसरवलेले इलेक्ट्रॉन, गाभा नव्हे. ३सी २७३ चं कृष्णविवर २०१८ च्या मोजमापानुसार सुमारे तीस कोटी सूर्यांचं, म्हणजे विसाव्या हिश्शाच्या आसपास, आणि चाळीस पटींहून दूर. तरी त्याचा आवाज आपल्याला साठ जान्स्कीचा येतो! १९६२ मध्ये चंद्र त्याच्यावरून गेला तेव्हा सिरिल हॅझर्डनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओदुर्बिणीने त्याची जागा पक्की केली आणि १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ताम्रसृती (दूर जाण्यामुळे तरंगलांबीत पडणारी वाढ) ०.१५८ काढली. चंद्राचा कडा काय, समुद्राचा काय, धारेवर स्रोत पकडण्याची ही रीत मला फार आवडते.

पुढच्या एप्रिलसाठी दोन यागी शेजारी-शेजारी लावणार आहे, मध्ये साधारण १.९५ मीटर. मावळताना ३सी २७३ आणि व्हर्गो ए यांच्या दिशांत जवळजवळ ११ अंशांचा फरक असतो. जोडी ३सी २७३ वर रोखली की या अंतराला तिचा पहिला शून्यबिंदू (जिथून आलेले सिग्नल दोन यागींत एकमेकांना खोडतात ती दिशा) बरोबर व्हर्गो ए वर पडतो. हवेच्या दुरुस्तीसाठी तिसरी यागी वेगळ्या रिसीव्हरवर राहील. शून्यबिंदू खोल हवा तर दोन्ही केबल आणि एलएनए तंतोतंत जुळायला हवेत. ४०८ ला पॉवर कंबायनर (दोन अँटेनांचे सिग्नल एकत्र करणारा जोड) कुणी घरी केला असेल तर मापं जरूर कळवा.