आईचा आवाज कुठे अडकत होता

आई ठाण्यात नौपाड्याला, मी ऐरोलीत. ट्रान्स-हार्बर लोकलने मध्ये एक दिघा गाव स्टेशन तेवढं लागतं, तरी जाणं रविवारीच होतं. म्हणून रोज रात्री नऊला ॲपवरून कॉल. साधा फोन लावत नाही, कारण तिचं घर तळमजल्यावर, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. खोलीत रेंज धड नसते, वायफाय मात्र असतं.

दिवाळीनंतर दोन भानगडी सुरू झाल्या. मी कॉल करायचो, माझ्याकडे रिंग ऐकू यायची, तिच्याकडे फोन गप्प. तिने तो उघडला की सगळे मिस्ड कॉल एकदम दिसायचे. आणि कॉल लागलाच तर "हॅलो, बोल रे" एवढं ऐकू यायचं, मग पूर्ण शांतता. माझं बोलणं तिला नीट जायचं, तिचं मला काहीच नाही. ७४ वर्षांची आई एकटी राहते आणि तिचा आवाज असा मध्येच बंद होतो, तेव्हा छातीत धस्स होतं.

रिंगचं लवकर सुटलं. नुसता पडून असलेला फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ पासून आहे, आणि काही कंपन्या त्यावर आपली जास्तीची बंधनं घालतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या बॅटरीपुढे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडलं. त्या रात्री पहिल्या फटक्यात रिंग वाजली.

आवाजाचं मात्र मी सरळ नेटवर ढकललं. राउटर बंद-चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. इंटरनेटवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केला, तर "सर, १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या." मी घेणारच होतो. पण कॉलला तेवढा वेग लागतच नाही. अशा बऱ्याच ॲपमध्ये आवाजासाठी ओपस नावाची पद्धत वापरतात. तिला चांगल्या आवाजासाठी सेकंदाला ३०-४० किलोबिट पुरतात. आवाजाचे सेकंदाला साधारण ५० छोटे तुकडे होऊन जातात. वाटेत हरवलेला तुकडा सहसा पुन्हा मागवत नाहीत, कारण तो येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून नेट वाईट असलं की आवाज तुटतो, रोबोटसारखा होतो. आईचा तुटत नव्हता, नाहीसाच होत होता, आणि तोही एकाच बाजूने. हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं.

रविवारी गेलो. या वेळी ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिला गेटपाशी नेऊन वायफाय बंद केलं आणि मोबाइल डेटावर कॉल लावला. तीच शांतता. म्हणजे दोष नेटचा नव्हता. मायक्रोफोनची परवानगी बघितली, होती. व्हॉइस नोट पाठवायला सांगितली, आवाज खणखणीत.

मग म्हटलं, "आई, तू रोज घेतेस तसाच कॉल घे." मी दारात उभा राहून तिचे हात बघत होतो. तिने फोन कानाला लावला, "हॅलो" म्हणाली, मग फोन खाली घेऊन अंगठ्याने स्पीकरचं बटण दाबलं. हल्ली तिला जरा कमी ऐकू येतं. बटण दाबलं त्याच क्षणी माझ्याकडचा आवाज गेला.

फोनला एकच माइक नसतो. बोलायचा खाली असतो, आणि कित्येक फोनमध्ये वरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं आणखी एक भोक असतं. स्पीकरवर बोलताना बरेच फोन त्या वरच्या माइकवर भिस्त ठेवतात. दिवाळीत राम मारुती रोडवरून तिने जाड, पोपटी रबरी कव्हर घेतलं होतं. खालच्या बाजूला त्याला खाच होती, वरची कड सलग. भोक पूर्ण झाकलेलं.

कव्हर काढलं. "आता बोल."

"काय बोलू? जेवून जाणारेस ना?"

तिचा आवाज समोरूनही आला आणि माझ्या फोनमधूनही.

कव्हर फेकायला ती तयार होईना, त्याने फोन हातातून निसटत नाही म्हणे. मग ब्लेडने वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पाडली, भोकाच्या नेमकी वर, आणि स्पीकरवर पुन्हा तपासून घेतलं. सोमवारी रात्री नऊला तिने शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली, अॅडमिट झाल्यापासून घरी येईपर्यंत, एकही शब्द न गळता.